रास, पैसेवारी आणि नऊ प्रश्न : ताण ओळखण्याचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर जरा लांबलचक छापलं गेलंय : 'वनस्पती आणि माणूस यांच्यातील ताण व रोग ओळखण्याच्या शास्त्रीय पद्धती'. एवढं सगळं एका संध्याकाळी होणार नाही. आम्ही त्यातला एकच धागा धरणार आहोत, आणि तोही शक्यतो आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या आसपास राहून. बाहेर जावं लागलं तर जाऊ, पण परत इथेच येऊ.

सुरुवात शब्दापासून करू. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडे शब्दाशिवाय दुसरं हत्यार नसतं. 'ताण' हा शब्द बघा. इंग्रजीतला 'स्ट्रेस' मुळात धातू आणि तुळया तपासणाऱ्यांचा शब्द. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांचं एक छोटंसं टिपण 'नेचर'मध्ये छापलं, आणि पुढे त्यांच्यामुळे हा शब्द शरीराला आणि मनाला चिकटला. आपल्या शेतकऱ्याला त्यासाठी सेल्येंची वाट बघावी लागली नाही. डाळिंबाच्या बागेला ताण देतात, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, मग खत-पाणी देऊन ताण तोडायचा, की बहार एकदम फुटतो. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. म्हणजे इथे ताण ही आपत्ती नाही, ती मात्रा आहे. कमी पडला तर बहार विखुरतो, जास्त झाला तर झाड जातं. 'किती?' हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते या 'किती'बद्दल.

झाडाला ताण बसलाय हे कळतं कसं? आपण म्हणतो, पिकानं माना टाकल्या. माणसाबद्दलही तेच म्हणतो. पण माना टाकणं ही उशिराची खूण आहे, बरं का. जमीन कोरडी पडू लागली की मुळांना ते आधी कळतं. झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि पानांची रंध्रं मिटू लागतात. रंध्रं मिटली की बाष्पोत्सर्जन मंदावतं आणि पान तापतं. ज्या झाडाला पाणी पुरेसं आहे त्याचं पान भर दुपारी हवेपेक्षाही थंड असू शकतं. तहानलेल्याचं तसं राहत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी भागात काम करणाऱ्या इड्सो आणि जॅक्सन यांनी १९८१ साली नेमक्या याच फरकावरून पिकाच्या पाण्याच्या ताणाचा निर्देशांक मांडला. अवरक्त किरणांचा तापमापक पिकावर धरायचा, बस. डोळ्याला शेत हिरवंगार दिसत असतं, पण यंत्र म्हणतं, याला ताप आहे.

इथे जगदीशचंद्र बोस यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. झाडाची सूक्ष्म वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारा त्यांचा क्रेस्कोग्राफ प्रसिद्ध आहे. धातू, वनस्पती आणि प्राण्यांचा स्नायू यांना एकाच तऱ्हेचा धक्का द्यायचा आणि तिघांचा प्रतिसाद एकाच तऱ्हेच्या आलेखात उतरवायचा, असा त्यांचा खटाटोप होता. १९०२ सालच्या पुस्तकाचं नावच 'सजीव आणि निर्जीवांतील प्रतिसाद' असं होतं. त्यातून त्यांनी काढलेले सगळे निष्कर्ष टिकले नाहीत. पण एक गोष्ट टिकली : जो बोलत नाही त्याचा ताण त्याच्या प्रतिसादावरून वाचायचा.

प्रतिसाद मात्र फसवतो. आपल्याकडच्या तुरीचंच उदाहरण घ्या. दुपारी तूर मलूल दिसते. तहानेची असेल तर संध्याकाळी सावरते. मर रोगाची असेल तर सावरत नाही. वरून दोन्हींचं लक्षण एकच. मग शेतकरी काय करतो? पाणी देतो. आणि मरची बुरशी तर जमिनीतच बसलेली असते, मुळातून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद करते. खोड उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसते, तेव्हा निदान होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिहारमधल्या पुसा इथे बटलर या बुरशीशास्त्रज्ञाने या रोगाचं काम केलं. आपल्या मराठवाड्यात बदनापूरच्या संशोधन केंद्राने वेगळीच युक्ती वापरून वाणं काढली. अशा कामासाठी रोगट शेत मुद्दाम राखतात. त्या मातीत बुरशी पोसायची, तिथे शेकडो वाणं पेरायची, आणि जगतं कोण ते बघायचं. बीएसएमआर ७३६ हे त्या केंद्राचं नावाजलेलं वाण. मर आणि वांझ, दोन्ही रोगांना दाद न देणारं. रोग ओळखण्यासाठी आधी खात्रीचा रोग हाताशी लागतो, हा त्यातला मुद्दा आम्हाला फार आवडतो. माणसांच्या बाबतीत तसं करता येत नाही. निदान करू नये.

आता एका झाडावरून गावावर येऊ. कारण धाराशिवचा खरा इतिहास तिथे आहे.

सरकारला एकेका झाडात रस नसतो. सरकारला विचारायचं असतं, या गावाचं पीक बुडालं की नाही? त्याचं जुनं उत्तर म्हणजे आणेवारी. चांगल्या वर्षाचं पीक सोळा आणे धरायचं, आणि यंदाचं किती आणे ते ठरवायचं. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई. गावची समिती, तलाठी, कृषी सहायक, सरपंच, काही शेतकरी. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. अंतिम पैसेवारी जाहीर होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. तोवर खरिपाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आमच्या विषयात एक अडीच हजार वर्षांचं जुनं कोडं आहे. ग्रीक लोक ते धान्याच्या राशीवरून सांगत. आपल्याकडे खळ्यावर ज्वारीची रास करतात ना, तीच डोळ्यांसमोर आणा. राशीतून एक दाणा काढला तर रास राहते का? राहते. आणखी एक काढला? राहते. मग नेमक्या कोणत्या दाण्याला रास संपते? वर्गात मुलं हसायची, म्हणायची, सर, काय रिकामपणाचे उद्योग! पण एकोणपन्नास पैसे आणि एकावन्न पैसे यांत काय फरक असतो ते विचारा. एकोणपन्नासवाल्या गावात जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, कर्जाच्या वसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ. एकावन्नवाल्या शेजारच्या गावात यातलं काही नाही. मधे फक्त एक बांध.

माणसांचं काय? एकोणिसाव्या शतकात हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हाचा नळदुर्ग जिल्हा. हद्दीपलीकडे बार्शी आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १८७६-७७ चा दुष्काळ हद्द बघून पडला नाही, पण कागदपत्रं पलीकडची जास्त. त्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, एवढ्यात भागवायचं ठरवलं. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश म्हणाले, एवढ्यावर राबणारं शरीर टिकणार नाही. मुंबई इलाख्यात तर मजुरांनी ही मजुरी नाकारून कामंच सोडली.

त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून दुष्काळ संहिता आल्या. त्यांत संकट ओळखण्याच्या खुणा दिल्या होत्या : धान्याचे भाव चढणं, लोक गाव सोडून भटकू लागणं, उधार मिळेनासं होणं, भुरट्या चोऱ्या वाढणं. आणि खात्री करायला 'कसोटीची कामं'. काम जड ठेवायचं, मजुरी जेमतेम ठेवायची, आणि लोक येतात का बघायचं. आले, तर संकट खरं. आता जरा थांबून विचार करा. हे एक यंत्रच आहे. तापमापक पिकावर धरावा तसं खडी फोडण्याचं काम गावावर धरायचं. किती माणसं पुढे येतात तो त्याचा आकडा. पण या यंत्रात एक क्रूर दोष आहे : जो सगळ्यात अशक्त आहे तो कामापर्यंत पोचतच नाही. म्हातारा, आजारी, नुकती बाळंतीण. यंत्र त्यांना 'ताण नाही' असं वाचतं.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. खडी फोडण्याची तीच कामं, पण त्यातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बाहेरून बघितलं तर जुनीच रीत : येईल त्याला काम. पण कायद्याने त्याचा अर्थ उलटा केला. आधी माणूस आला की सरकार म्हणायचं, याची परीक्षा झाली. आता माणूस आला की म्हणायचा, माझा हक्क आहे.

या साऱ्या इतिहासात पीक आणि माणूस या दोघांची मोजणी एकाच माणसाने हाताळल्याचं उदाहरण आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. डॉ. पां. वा. सुखात्मे. साताऱ्याकडच्या बुध गावचे, जन्म १९११ चा. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. नजरेने आणे ठरवायचे नाहीत. शेत सोडतीने निवडायचं, शेतातली जागाही सोडतीने, ठराविक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा आणि वजन करायचं. तुकडा केवढा असावा यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. महालनोबिस लहान तुकडे घेत. सुखात्मे म्हणाले, लहान तुकड्याने उत्पन्न फुगतं. का? तर काठावरचं ताट आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्याच्या हातावर असतं, आणि हात ते ताट आत ओढतो. तुकडा जितका लहान तितका काठ जास्त. बघा, पुन्हा बांधाचाच प्रश्न! मोजमापातली चूक मधोमध नसते, काठावर असते.

पुढे हेच सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेत वीस वर्षं काढून पुण्याला परतले आणि भुकेच्या रेषेवर बोलू लागले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला होता, दरडोई रोज २२५० कॅलरी धरून. सुखात्मे म्हणाले, सरासरी गरजेखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो. एकाच निरोगी माणसाचं खाणं आणि गरज आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होते. शरीर एका मर्यादेत जुळवून घेतं. रेषा खाली घ्या. पुण्यात दांडेकरांशी त्यांचा हा वाद चांगलाच रंगला. विरोधक विचारत, शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं? कमी हलतं, कमी खेळतं, कमी काम करतं. मग ते निरोगी कसं?

आमचं मत विचाराल तर सुखात्म्यांचं गणित पक्कं होतं, पण त्यातून इतरांनी काढलेला दिलासा घाईचा होता. आठवा मघाचं पान. पाणी कमी पडलं की रंध्रं मिटतात, हेही जुळवून घेणंच आहे. झाड जगतं, हिरवंही दिसतं, पण रंध्रं मिटली की कर्बवायू आत येत नाही आणि दाणा भरत नाही. बाहेरून दिसणारा समतोल आणि त्यासाठी आत मोजलेली किंमत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपग्रहाबद्दल आता थोडक्यात. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या प्रमाणावरून वरून हिरवेपणा मोजता येतो. त्याच जागेच्या आधीच्या वर्षांशी तुलना केली की वनस्पती स्थिती निर्देशांक मिळतो, शून्य ते शंभर. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत ६० च्या वर सामान्य, ४० ते ६० मध्यम, ४० च्या खाली तीव्र. पाऊस, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र, भूजल हेही बघायचं, आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष जाऊन पडताळायचं. पन्नास पैशांच्या जागी चाळीस आला, एवढाच बदल झाला असं आम्ही म्हणणार नाही. उपग्रहाला भावकी नसते, हा मोठाच फायदा आहे. पण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले तेव्हा आपल्या आठांपैकी तीनच होते : वाशी, धाराशिव आणि लोहारा. कळंब, भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा बाहेर. दहा-बारा दिवसांत सरकारला आणखी हजारावर महसूल मंडळं 'दुष्काळसदृश' म्हणून जाहीर करावी लागली, ती पावसाची सरासरी बघून. 'सदृश' हा शब्द कोणी शोधला माहीत नाही, पण राशीच्या कोड्याला सरकारी भाषेत याहून प्रामाणिक उत्तर आम्ही वाचलेलं नाही.

पीक विम्यात तर मर्यादेला मराठी नावच 'उंबरठा उत्पन्न' आहे. त्या उंबरठ्याची एक कथा याच जिल्ह्यातली. २०२० च्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन अतिवृष्टीत गेलं. महसूल आणि कृषी खात्याने पंचनामे केले. पण विमा कंपनीचं म्हणणं, शेतकऱ्याने ७२ तासांत आम्हाला स्वतः कळवलं नाही, म्हणून भरपाई नाही. पाण्यात बुडालेल्या शेतातून, वीज नाही, रेंज नाही, ७२ तासांत अ‍ॅपवर फोटो! प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि पुढे ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. इथे कोणत्याही यंत्राचा दोष नव्हता. नुकसान झालेलं सगळ्यांना दिसत होतं. ते 'आढळलं' असं कोणाच्या वहीत धरायचं, एवढाच तंटा होता.

आता माणसाच्या मनाकडे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते; पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं गेली. त्यानंतर महिन्याभरात वाचलेल्या ४२ प्रौढांची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली. तो छोटासा अहवाल १९९६ मध्ये अमेरिकन मानसोपचार नियतकालिकात आला. ५९ टक्के लोकांमध्ये निदान करण्याजोगा मनोविकार निघाला. मुख्यतः आघातानंतरचा ताणविकार आणि नैराश्य. स्त्रियांमध्ये आणि घरदार गेलेल्यांमध्ये जास्त. संख्या लहान आहे, हे खरं. पण या भागातल्या माणसाचं दुःख निदानाच्या भाषेत इतक्या लवकर लिहिलं गेलं, याचं महत्त्व मोठं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये कोणाला झोप लागत नाही, हा तोवर वैद्यकाचा विषयच नव्हता.

दुष्काळाचा आघात मात्र पहाटे चारला येत नाही. तो महिनोन्‌महिने मुरतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केलं ते दोन जिल्ह्यांत : यवतमाळ आणि आपला उस्मानाबाद. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आला. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन सोप्या प्रश्नावलीवरून खचलेली माणसं ओळखायची आणि पुढे उपचाराला पाठवायची.

आम्हाला विचारतात, रक्त तपासून ताण कळत नाही का? कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक ताणात वाढतं, खरं आहे. पण ते सकाळी चढतं, रात्री उतरतं, आजारात बदलतं, औषधांनी बदलतं. माणूस हताश झालाय हे सांगणारा आकडा त्यात सापडत नाही. म्हणून जगभर प्रश्नच विचारतात. स्पिट्झर, क्रोंके आणि विल्यम्स यांची नऊ प्रश्नांची यादी २००१ पासून फार वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं झालं का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. दहाच्या पुढे गेलं की लक्ष द्यायचं. आला पुन्हा उंबरठा!

आणि पुन्हा काठावरचं ताट. झोप नीट लागत नाही का, असं विचारलं तर रात्रीच्या पाळीची वीज असलेला शेतकरी काय सांगणार? तो रात्री दोनला दारं धरायला जातो. थकवा? सुगीत गावात थकलेला नाही असा माणूस दाखवा. दुसऱ्या बाजूने, ज्याच्या मनात खरंच काळोख आहे तो 'काही नाही, बरंय' म्हणून मोकळा होतो. प्रश्न कागदावर तेच. उत्तराचा अर्थ ज्याला त्या घराची माहिती आहे त्यालाच लागतो. आशाताईला ठाऊक असतं की याची पाळी या आठवड्यात दिवसाची आहे, तरी हा झोपत नाही. पोरीचं लग्न मोडलंय. सोसायटीची नोटीस आलीय. हा पारावर बसायचा तो बसेनासा झालाय. उपग्रहवाले ज्याला प्रत्यक्ष पडताळणी म्हणतात ती हीच. फक्त तिथे दहा टक्के गावं पुरतात, इथे शंभर टक्के घरं लागतात. आणि ती बाई गावचीच असते, हे जसं बळ तशी अडचणही. भावकीतल्या सुनेसमोर सासऱ्याच्या वयाचा माणूस मन मोकळं करत नाही. तिथे १०४ किंवा २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक कामाला येतो. पलीकडचा आवाज अनोळखी असतो, म्हणूनच बोलता येतं.

या नऊ प्रश्नांतल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल सांगतो आणि थांबतो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बेरीज नऊही प्रश्नांची करतात. नवव्याच्या उत्तरात एक गुण जरी आला, 'कधीतरी वाटतं' एवढंच जरी कोणी म्हणालं, तरी बेरीज दहा झाली की पाच, हे बघत बसायचं नसतं. त्याच्याशी त्याच वेळी बोलायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, आणि पुढे डॉक्टरकडे पोचवायचं. सोळा आण्यांपासून चाळीसच्या निर्देशांकापर्यंत आज आपण जेवढी मोजमापं पाहिली, त्यांत उंबरठा काढून टाकलेली ही एकच जागा आम्हाला सापडली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.